कॅलटेक्सचा गोली आणि मुंब्र्याच्या मुली

५ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियोत भारतीय हॉकी संघाचा गोलकीपर पी. आर. श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला. जर्मनीला ५-४ असं हरवून भारताने ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिंपिक पदक मिळवलं होतं. शेवटची सहा सेकंदं उरली असताना मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरवर जर्मनीला गोल करता आला नव्हता. दिवसभर टीव्हीवर तेच चित्र फिरत होतं. त्याच दिवशी ठाण्यात ८६ वर्षांचे शंकर सुब्रमण्यम नारायण हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तेही गोलकीपर, तेही मूळचे केरळचे आणि तेही ऑलिंपियन. एकदा नव्हे, दोनदा. मेलबर्न १९५६ आणि रोम १९६०. फुटबॉलच्या वर्तुळात त्यांना ‘बाबू नारायण’ म्हणत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने शोकसंदेश काढला, पेपरांत छोट्या बातम्या आल्या. हॉकीच्या जल्लोषात त्या शोधूनच वाचाव्या लागल्या.

यात ठाणेकरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही. त्यामुळे ऑलिंपिक खेळलेला भारतीय फुटबॉलपटू ज्यांनी ऐन भरात पाहिला, ते प्रेक्षकही आता सत्तरी-पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत. समोरच्या बिल्डिंगमधले काका दोन ऑलिंपिकना जाऊन आलेत असं कुणी सांगितलं, तर आपण आधी ‘कुठल्या खेळात?’ असं विचारू आणि ‘फुटबॉल’ हे उत्तर आल्यावर ‘काय सांगता?’ असं पुन्हा विचारू.

नारायण यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९३४ चा, पालक्काड जिल्ह्यातल्या ओट्टपालमचा. वाढले मात्र मुंबईत, माटुंग्याला, आणि तिथल्याच क्लबांतून खेळायला लागले. मुंबईच्या फुटबॉलचा हंगाम तेव्हा पावसाळ्याचा. क्रिकेटवाले विकेट झाकून घरी बसले की मैदान फुटबॉलचं. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा. त्याच्या तोंडाशी वादी आवळलेली असायची. हेडर मारताना ती बाजू कपाळावर बसली की वळ उठायचा. अशा चेंडूवर झेप घेणाऱ्या गोलीच्या हातात बहुतेक वेळा मोजे नसायचेच. शिवाय तेव्हाच्या रिवाजात गोलीला खांद्याने धडक देणं फॉरवर्डला बिनदिक्कत चालायचं. आजच्यासारखी लगेच शिट्टी वाजत नसे. पोस्टपुढचं गवत पहिल्या आठवड्यात जायचं आणि गोलीचा संपूर्ण हंगाम चिखलातच.

मुंबईत हा खेळ गोऱ्या पलटणींनी आणला. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि पहिल्यांदा तो वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. हारवुड लीग १९०२ ची, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. रोव्हर्सवर हिंदी संघाचं नाव कोरलं जायला १९३७ साल उजाडावं लागलं. ते नाव होतं बंगलोर मुस्लिम्स. पुढे १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने कप जिंकला. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांनी तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेज मैदानावर येऊन मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत रोव्हर्स उचलला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर. त्यांचा उल्लेख पुढे येणारच आहे.

पलटणी गेल्या आणि त्यांची जागा मुंबईत कंपन्यांनी घेतली. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, दोन्ही रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका. नंतर मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया. आज आपण ‘व्यावसायिक फुटबॉल’ हा शब्द सहज वापरतो, पण त्या काळी तो उघड बोलायची सोय नव्हती. ऑलिंपिकला हौशी खेळाडूच हवा असे. खेळण्याचे पैसे घेतले की दार बंद. मग खेळाडूने जगायचं कसं? त्यावर काढलेली तोड म्हणजे कंपनी टीम. नोकरी कारकुनाची, पगार कारकुनाचा आणि खरं काम फुटबॉलचं. सकाळी मस्टरवर सही करायची, साहेबाच्या संमतीने दुपारी निघायचं आणि मैदान गाठायचं. दौऱ्यावर गेलं की भरपगारी रजा. पूर्व युरोपातले संघही वेगळ्या मार्गाने हेच करत होते. तिथे पगार सरकार देई आणि कागदावर खेळाडू सैनिक किंवा कामगार असे.

याला समाजसेवा कुणी म्हणत नव्हतं, कंपन्याही नाही. पेट्रोल विकणाऱ्या कंपनीला पेपरात नाव यायला हवं होतं आणि रोव्हर्सची फायनल हे नाव यायचं हमखास ठिकाण होतं. पण या व्यवहारातून जे घडलं त्याची किंमत आज कळते. गुडघा गेला तरी नोकरी जात नव्हती. बूट खुंटीला टांगल्यावरही माणूस त्याच टेबलावर बसून निवृत्तीपर्यंत पोचायचा; प्रॉव्हिडंट फंड, घरासाठी कर्ज, मुलांची शिक्षणं सगळं त्यातून. मुंबईतून सरकत सरकत ठाणे, डोंबिवली, कल्याण असे ब्लॉक घेत आलेल्या कितीतरी घरांत पितळी कपांचं एक कपाट असतं. ते असं आलेलं आहे. नारायण कॅलटेक्सकडून खेळले, टाटांकडून खेळले. कॅलटेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स जिंकला, तोही मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून. १९६४ मध्ये महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघातही नारायण होते.

आणि या दोन्हींच्या आधी मेलबर्न.

१९५२ ला हेलसिंकीत भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या गुंडाळून खेळत. गार, ओल्या मैदानावर त्यांचं काही चाललं नाही. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी रहीमसाहेबांनी जो संघ मेलबर्नला नेला तो बुटांत रुळलेला होता. कप्तान बंगालचा समर ‘बद्रू’ बॅनर्जी. फॉरवर्डमध्ये पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू. गोलसाठी दोघे: सेनादलाचा उंचापुरा पीटर थंगराज आणि मुंबईचा नारायण. मुंबईचाच आणखी एक गडी होता. टाटांकडून खेळणारा, मूळचा गोव्यातल्या आसगावचा नेव्हिल डिसूझा.

पहिला सामना हंगेरीशी होता. पण त्या नोव्हेंबरात बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे फिरत होते आणि हंगेरीने फुटबॉलमधून अंग काढून घेतलं. भारत न खेळताच पुढे गेला. १ डिसेंबर १९५६ ला यजमान ऑस्ट्रेलिया समोर. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. ज्यांना क्रिकेटमुळे ऑस्ट्रेलिया म्हणजे काय ते ठाऊक होतं त्यांना या आकड्यांतली मौज वेगळी सांगायला नको. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसरा गोल केला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ऐंशीव्याला किट्टूने चौथा घातला. ४-२. आशियातला कुठलाही संघ तोवर ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला नव्हता.

तीन दिवसांनी गाठ पडली ती हेलसिंकीत दहा गोल चढवणाऱ्या युगोस्लाव्हियाशी. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे. ऑलिंपिकची फायनल तेव्हा अडतीस मिनिटांवर होती. ही आघाडी दोनच मिनिटं टिकली. चौपन्नाव्याला बरोबरी, सत्तावन्नाव्याला दुसरा, पासष्टाव्याला तिसरा आणि शेवटी आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून चौथा. माझ्या मते या पराभवाचं उत्तर नशिबात किंवा हिमतीत शोधू नये. देशातले आपले सामने सत्तर मिनिटांचे असत आणि ऑलिंपिकचे नव्वदचे. शरीराला जी शेवटची वीस मिनिटं ठाऊकच नाहीत ती एका महिन्याच्या शिबिरात भरून निघत नाहीत. ब्राँझसाठीच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. भारत चौथा. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत.

हा नेव्हिल पुढे रोमच्या संघात नव्हता आणि १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेला. मुंबईतल्या एखाद्या क्रिकेटपटूने ऑस्ट्रेलियात जाऊन याच्या निम्मं काही केलं असतं तर त्याच्या नावाचा चौक असता, असं म्हणायचा मोह होतो. पण चौकांना नावं देऊन खेळ वाढतो असा अनुभव नाही, तेव्हा ते राहू दे.

नारायण मात्र रोमलाही गेले. १९६० चा तो गट भयंकर होता. हंगेरीशी १-२, फ्रान्सशी १-१, पेरूशी १-३. कप्तान पी. के. बॅनर्जी. फ्रान्सविरुद्धचा गोल त्यांचाच. गुणतक्त्यात भारत तळाला आणि तरी ज्यांनी तो संघ पाहिला ते त्याला मेलबर्नच्या तोडीचा म्हणत. दोन वर्षांनी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी रहीम कर्करोगाने गेले आणि त्यांच्यासोबत तो काळही ओसरायला लागला.

मुंबईतला ऱ्हास मात्र मैदानावर नाही, ऑफिसांत झाला. कॅलटेक्स १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि १९७८ मध्ये ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली; रोव्हर्सवर कोरलेलं नाव पंपांवरून पुसलं गेलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं पुढे काय झालं ते कल्याणपासून गिरगावपर्यंत कुणाला सांगायला नको. टीम ठेवणं हा खर्च आता हिशेबनिसाला खुपायला लागला. क्रिकेटचा वर्ल्डकप, मग घराघरांत रंगीत टीव्ही. जाहिरातीचा पैसा कुठे जाणार हे ठरून गेलं. रोव्हर्सची शेवटची फायनल २०००-०१ च्या हंगामातली, मोहन बागान आणि चर्चिल ब्रदर्स यांची. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेली. २०१४ ला इंडियन सुपर लीग आणि मुंबई सिटी एफसी आले. त्यांचे खेळाडू पगारदार फुटबॉलपटू आहेत, हे चांगलंच झालं. पण माटुंग्याच्या क्लबातून कॅलटेक्सच्या टेबलावर जाणारी जी वाट होती तिच्यावर आता कुणीच नाही.

रोव्हर्सची शेवटची फायनल झाली त्याच सुमारास, म्हणजे २००१ च्या पावसाळ्यात, नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे पावसातून जाताना आडोशाला थांबले आणि त्यांना वस्तीतली पोरं चिखलात काहीतरी लाथाडत खेळताना दिसली. तो चेंडू नव्हता, फुटकी प्लॅस्टिकची बादली होती. बारशांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे आणि ‘झुंड’ या चित्रपटामुळे ती इतक्या लोकांनी पाहिली आहे, की तिचा चमत्कार झिजला आहे. तरी त्यातला एक भाग मला अजून महत्त्वाचा वाटतो. क्रीडा शिक्षकाची सवय अशी, की खेळणारी पोरं दिसली की त्यांतला चांगला कोण ते हेरायचं. बारशांनी चांगला कोण ते पाहिलंच नाही. खेळत होते तोवर ही मुलं भांडणं, जुगार, गांजा यांपासून लांब होती, एवढंच त्यांनी टिपलं. निवड चाचणी नाही, तर नुसती हजेरी. कंपनी टीमच्या बरोबर उलट.

त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभं राहिलं. पहिल्या मोठ्या स्पर्धेला १२८ संघ आले असं बारसे सांगत आले आहेत. नाव असं उघडं ठेवल्यावर नाकं मुरडणारेही निघाले. पण वस्तीतल्या पोरांना आपल्या वस्तीच्या नावाचा संघ यात कमीपणा वाटला नाही. अमेरिकेत असलेले त्यांचे चिरंजीव अभिजित बारसे वडिलांच्या कामाची बातमी वाचून परतले आणि पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने संस्थेचा पसारा वाढला.

युरोपात याच काळात दुसरं एक टोक जुळत होतं. मेल यंग आणि हाराल्ड श्मीड या दोघांनी २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा विश्वचषक भरवला, होमलेस वर्ल्ड कप. मैदान अवघं २२ बाय १६ मीटर, भोवती फळ्यांचं कुंपण. एका बाजूला चौघे, त्यांत एक गोली. सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि एक नियम जगातल्या कुठल्याच मोठ्या स्पर्धेत नाही: खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा. म्हणजे आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका आठवड्याची. उरलेलं आयुष्य वस्तीत परत येऊन काढायचं, ही त्या नियमातली खरी अट.

नागपूरचा अखिलेश पॉल हा असा आठवडा जगलेला स्लम सॉकरचा खेळाडू. पोलीस आणि कोर्ट यांच्या फेऱ्यात सापडलेला पोरगा मैदानावर कसा आला, हे त्याने स्वतःच २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या पडद्यावर देशाला सांगितलं, तेव्हा त्यावर मी वेगळा रंग चढवत नाही. २०१० मध्ये रिओला कोपाकबानाच्या वाळूवर उभारलेल्या मैदानांत तो भारताचा कप्तान होता. ब्राझीलने ती स्पर्धा घरच्या मैदानावर जिंकली. भारताच्या हाती पदक आलं नाही. अखिलेश परतला आणि मुलांना शिकवायला लागला. नारायण यांना दोन ऑलिंपिक मिळाली, अखिलेशला एकच आठवडा. पण परतल्यावर करायचं काय, याचं उत्तर अखिलेशकडे तयार होतं. कंपनी टीमच्या खेळाडूकडे तेव्हा टेबल असायचं. याच्याकडे मैदानभर पोरं होती.

२०१६ मध्ये स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. ४ मार्च २०२२ ला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला. अमिताभ बच्चन यांनी विजय बोराडे या नावाने बारशांची भूमिका केली. चित्रपटाच्या लांबीबद्दल तक्रारी झाल्या, त्या खोट्या नव्हत्या. पण कॉलेजचं मैदान आणि वस्ती यांच्यामधली भिंत मंजुळ्यांनी चित्रपटभर डोळ्यांसमोरून हलू दिली नाही, आणि नागपुरापासून आठशे किलोमीटरवर, खाडीकाठी राहणाऱ्या आम्हा लोकांना ती भिंत ओळखायला वेळ लागला नाही.

आमच्याकडे ती भिंत विटांची नसते. ठाण्याहून निघून कळवा, मुंब्रा, कौसा करत शीळफाट्याला यावं. एका हाताला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी, आणि मधल्या पट्टीत माणसं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं जीव वाचवायला आणि मग घर शोधायला इथे आली. मुंब्रा १९८२ पासून ठाणे महापालिकेत आहे. पण माणसं ज्या वेगाने आली त्या वेगाने ना पाणी आलं, ना शाळा, ना मैदान. मोकळा तुकडा दिसला की त्यावर खांब उभे राहायचे. शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी अशीच एक बेकायदा, अर्धवट बांधलेली सात मजली इमारत पत्त्यांसारखी खाली आली आणि ७४ माणसं गेली. त्यांत कामगारांची लहान मुलंही होती. त्या दुर्घटनेनंतर बांधकामं, परवानग्या आणि हप्ते यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. इथे इमारतीखाली न आलेला मोकळा चौरस किती मोलाचा झाला आहे, हेही त्यातून दिसत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, मुंब्र्यात सबा खान आणि त्यांच्या सोबतिणींनी ‘परचम’ नावाचा गट करून मुलींसाठी फुटबॉल सुरू केला. फुटबॉलच का? खो-खो, कबड्डी मुलींचे म्हणून चालून गेले असते. फुटबॉल मुलग्यांचा मानला जातो, त्याला मोठी जागा लागते आणि तो उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर खेळावा लागतो. म्हणूनच. घरोघर जाऊन आईबापांना तयार करावं लागलं. कुणी हिजाब ठेवून खेळली, कुणी ट्रॅक पँट घालून. मुस्लिम मुली होत्या तशा हिंदू मुलीही. दंगलीने ज्या वस्तीची घडण केली तिथे या दोघी एका बाजूने खेळताहेत, ही गोष्ट कुठल्याही शांतता समितीच्या बैठकीपेक्षा मोठी होती, असं मला वाटतं.

मग मैदानाचा प्रश्न आला. सार्वजनिक मैदान नावाला सगळ्यांचं असतं. प्रत्यक्षात तिथे मुलग्यांचं क्रिकेट आधीपासून मांडलेलं. एका पोराची पिच दुसऱ्याच्या कव्हरमध्ये, आणि त्यातूनही सगळ्यांचं भागतं, कारण सगळे मुलगेच. मुली आल्या की मात्र जागा कमी पडते, टोमणे येतात. परचमच्या मुलींनी यावर जी वाट धरली ती जुनी, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली: सह्या गोळा करायच्या आणि लोकप्रतिनिधींकडे जायचं. मागणी मुलींसाठी राखीव मैदानाची. सह्यांसाठी दारं ठोठावताना आपल्याच गल्लीतल्या अनोळखी घरांत या मुली पहिल्यांदा शिरल्या. फुटबॉलमधून पुढे वाचनालय निघालं. सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख या दोघींच्या नावाचं. पुण्यात १८४८ नंतर मुलींच्या शाळेसाठी ज्या दोघी एकत्र उभ्या राहिल्या, त्यांची नावं मुंब्र्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी लावावीत, यात शोभेचा भाग मला तरी दिसत नाही.

नारायण यांचं ठाणं आणि या मुलींचं मुंब्रा यांच्यात रेल्वेचं एक स्टेशन आहे. महापालिका एकच. कूपरेजच्या वेळी मैदान, बूट आणि महिन्याची एक तारीख या तीन गोष्टींची सोय दुसरं कुणीतरी करून ठेवत होतं. खेळाडूने फक्त चेंडूवर झेप घ्यायची होती. मुंब्र्यात खेळाडूच सह्यांचे कागद घेऊन फिरतो. आणि दरम्यान कल्याण-शीळ रस्त्याला टर्फ उगवली आहेत. उंच जाळ्या, फ्लडलाइट, हिरवं प्लॅस्टिकचं गवत. रात्री अकराला मेट्रोच्या खांबांखालच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की जाळीपलीकडे पोरं पाच-पाच खेळताना दिसतात. खेळ छान चालतो, कधीकधी फारच छान. तासाचं भाडं दहा-बारा जणांत वाटून निघतं आणि वेळ संपली की पुढचे दहा-बारा बाहेर बूट बांधून उभेच असतात. पगार मिळवणाऱ्या किंवा खिशात पैसे असणाऱ्या पोराला हे परवडतं. पण जिला मैदानावर जायची परवानगीच घरात दोनदा मागावी लागते, तिने तासाच्या भाड्यातला आपला वाटा कुणाकडे मागायचा, हे टर्फवाल्याला विचारण्यात अर्थ नाही. तो महापालिकेला विचारायचा प्रश्न आहे, आणि मुंब्र्याच्या मुलींनी तो तिथेच नेला.